सात माळ्यांचे किरायेदार

भंडाऱ्यात कोणाला दुकान, दवाखाना, क्लास किंवा ऑफिस यांसाठी किरायाची जागा हवी असली, की तो बसस्टँडसमोरच्या पानठेल्यावर येतो आणि विचारतो, मधुभाऊ कुठे आहेत? मधुभाऊ म्हणजे मी. ठेल्याशेजारच्या बाकावर मी असतोच. हल्लीची तरुण पोरं याच कामाला लांबलचक इंग्रजी नावं देतात आणि फोनवर जागेचे फोटो फिरवतात. मी सरळ दलाल म्हणवून घेतो, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. मुख्य रस्त्यावरच्या निम्म्याअधिक पाट्या माझ्यामुळे लागल्या आहेत, आणि ज्या माझ्यामुळे लागल्या नाहीत त्या फार दिवस टिकल्या नाहीत, असं मी सांगतो. बाकीचे दलालही हेच सांगतात.

लोकांना वाटतं, या धंद्यात काय आहे, कुलूप उघडायचं आणि खोली दाखवायची. खोली शेवटी पाहायची असते. आधी रस्ता पाहायचा. लाखांदूरची, मोहाडीची एसटी लागली की उतरलेली माणसं कुठे वळतात, डोक्यावर बोचकं असेल तर किती चालतात, ऊन कोणत्या बाजूला असतं, हे बघत मी वर्षानुवर्षं बसलो आहे. खेड्यातला माणूस कामाला आला की पायऱ्या टाळतो. एका हाडांच्या डॉक्टरांनी माझं न ऐकता पहिल्या मजल्यावर दवाखाना थाटला, का तर किराया कमी. लिफ्ट नव्हती. पाय मोडलेले पेशंट खुर्चीत बसवून वर न्यायला लागायचे, आणि पावसाळा संपेपर्यंत खुर्ची उचलून उचलून त्यांच्या कंपाउंडरचीच पाठ गेली. पहिला ठणठणीत बरा झालेला पेशंट तोच, असं ठेल्यावर म्हणत. मग त्यांना खालची जागा मीच दिली.

दुसरे एक बियाणं-खतवाले होते. त्यांनी शहरासारखं दुकान करायचं म्हणून चकचकीत टाइल्स घातल्या आणि काचेचं दार लावलं. शेतकरी यायचे, बाहेर चपला काढायचे, बंद दार बघायचे आणि साहेब आत कामात असतील म्हणून बाहेरच उभे राहायचे. मालक आत थंड हवेत गिऱ्हाइकाची वाट बघतोय आणि गिऱ्हाईक बाहेर त्याची. मी ते दार काढायला लावलं, तेव्हा दुकान चालू झालं.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा ठरवलं की सगळं आयुष्य चघळत बसायचं नाही. गेल्या वर्षी जे घडलं तसं माझ्या धंद्यात कधी घडलं नव्हतं, तेच सांगायचं.

शहराच्या अगदी मधोमध किसनशेठची जुनी राईस मिल होती. मिल बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. आत बाभळी वाढल्या होत्या. लहानपणी त्या रस्त्याने जाताना उकडलेल्या धानाचा वास यायचा, तो गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. गेल्या दसऱ्याच्या सुमारास मिलच्या भिंती पाडल्या गेल्या आणि रस्त्याच्या कडेला एक भलामोठा फलक लागला. फलकावर सात मजली इमारत, सगळी काचेची. समोर खजुराची झाडं. कोट घातलेली माणसं हातात बॅगा घेऊन आत चाललेली. आमच्याकडे मे महिन्यात कोट घालतात ते फक्त वकील, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळे धरून चालले की वकिलांची बिल्डिंग होऊन राहिली आहे.

दुसऱ्या दिवसापासून मला चहा प्यायला फुरसत राहिली नाही. जो तो एकच विचारायचा, कोण येऊन राहिलं? एक जण म्हणाला, पासपोर्टचं ऑफिस येते. दुसऱ्याला खात्रीची खबर होती की चार माळे मॉल आहे आणि सरकता जिना खाली नाही, फक्त वर जाणारा आहे. क्लासवाले सर म्हणाले, वर डॉक्टर-इंजिनिअरचे क्लास येतील. डॉक्टर म्हणाले, सगळे डॉक्टरच येतील. चिखल्याहून मॅंगनीजची वाहतूक करणारे बळीरामभाऊ, ज्यांनी सगळा धंदा एका कडुनिंबाखाली बाजेवर बसून केला, ते खास गाडी काढून आले आणि सातवा माळा मागू लागले. तिथून ट्रक दिसतील, म्हणाले. मी सांगितलं, भाऊ, सातव्या माळ्यावरून चिखला नाही दिसत. ते म्हणाले, मंग आठवा चढवा म्हणा.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसे लोक माझ्याकडे मजले धरून जात होते. मला माहीत होतं की यातले बहुतेक येणार नाहीत. तरी मला सांगायला लाज वाटत नाही की मी हुरळलो होतो. आयुष्यभर खोल्या आणि गाळे दाखवणाऱ्या माणसाच्या हाती सात मजले येणार होते. मी घरी जेवताना हाताने ताटात मजले पाडायचो, खाली बँक, त्यावर विमावाले, त्यावर क्लास. बायको म्हणायची, भात गार होऊन राहिला. लाखांदूरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मात्र फलकाकडे बघून मला एवढंच सांगितलं, "वर्त कोनीबी येवो, खाली लाडी येयेपर्यंत बसाले जागा ठेवजा." एसटीला तिकडचे जुने लोक अजून लाडी म्हणतात. मी ते किसनशेठना सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं.

आता आतली गोष्ट. फलक लागला होता तरी इमारत पक्की नव्हती. किसनशेठ म्हणजे ताक फुंकून पिणारा माणूस. त्यांनी मला घरी बोलावून सांगितलं, दोन मजले एकाच कंपनीने घेतो म्हटलं तर टॉवर बांधतो, नाहीतर लॉन करतो. लॉन म्हणजे लग्नाचं पटांगण, आमच्याकडे ते कधी रिकामं राहत नाही. शेठला दिवाळीनंतर महिनाभरात ठरवायचं होतं. शहराच्या मधोमध आणखी एक लॉन, रोज बँड आणि रस्त्यात घोडा, या विचाराने मी लगेच कंपन्या मोजायला लागलो.

दोन मजले घेईल अशी कंपनी भंडाऱ्यात एकच होती, आणि ती सध्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोल्यांत बसत होती. रोहिणी ही तिथली मुख्य. लाखांदूरकडच्या धानवाल्या शेतकऱ्याची मुलगी, शिकून पुण्याला नोकरीला लागली, कोरोनात घरी परत आली आणि घरून काम करता करता कंपनीला पटवून इथे शाखा काढली. दवाखान्यांची बिलं विमा कंपन्यांकडे जायच्या आधी ती तपासून कॉम्प्युटरवर चढवायची, असं त्यांचं काम. डॉक्टरांचं अक्षर वाचणाऱ्या त्या मुलींना माझा नमस्कार. सगळ्या आसपासच्या खेड्यांतल्या, सकाळी एसटीने येणार आणि संध्याकाळी परत जाणार. खोल्या मीच मिळवून दिल्या होत्या. कंपनीला आणखी मुली घ्यायच्या होत्या आणि जागा पुरत नव्हती, त्यात हार्डवेअरवाल्याला खोल्या मुलाच्या संसारासाठी परत हव्या होत्या. पुण्याचं म्हणणं पडलं की एवढी उठाठेव कशाला, काम नागपूरला हलवू.

रोहिणी माझ्याकडे आली तेव्हा बाकावर बसली नाही, उभीच होती. ती म्हणाली, "काका, नागपूरले गेलं तं यातली एकबी पोरगी येनार नाही. रोज जानं-येनं होत नाही, अन् तिथं राहाले घरचे धाडत नाही. सगळ्याईचं काम जाते." मी तिला शेठची अट सांगितली. तिने पुण्याला इतके फोन केले की शेवटी तिथल्या मोठ्या मॅडम, अदिती मॅडम, जागा आणि काम दोन्ही बघायला यायला तयार झाल्या. दिवाळीनंतरच्या आठवड्यातला कोणताही दिवस चालेल, म्हणाल्या. शेठने पंचांग काढलं. पाहुणी जागा बघायला येणार म्हणजे मुहूर्त हवाच. त्यांनी चांगला दिवस निवडला आणि परस्पर पुण्याला कळवून टाकला.

पंचांगात सगळं असतं, फक्त मंडई नसते.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या झाडीपट्टीतली मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली की एकेका गावाची मंडई भरते, ज्या त्या गावाचा दिवस वेगळा. दुकानं, आकाशपाळणे, दिवसा दंडार म्हणजे ढोलावरचा नाच-सोंगांचा खेळ, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, घरोघरी पाहुणे, आणि वर्षभरातल्या निम्म्या सोयरिकी मंडईतच जुळतात. आपल्या गावच्या मंडईला माणूस कामावर जात नाही. कोणी गेलाच तर लोक त्याच्या घरी काही अशुभ झालं का विचारायला येतात. शेठनी निवडलेल्या दिवशी आंधळगावची मंडई होती, आणि शेजारच्या दोन गावांचीही. रोहिणीच्या ऑफिसातल्या बहुतेक मुली त्याच बाजूच्या. तिला तारीख आदल्या दिवशीच कळली, आणि तिने मला हे सांगितलं तेव्हा मॅडम विमानात बसायच्या बेतात होत्या. दिवस पुढे ढकलला तर त्या सरळ नागपूरची जागा बघून परत जातील, ही भीती. मी म्हटलं, मुलींना बोलावून घे. रोहिणी म्हणाली की सुट्टी तिने आधीच कबूल केली होती, आता ती शब्द फिरवणार नाही.

मॅडम आल्या. साध्या, चटपटीत, कमी बोलणाऱ्या. आधी शेठची जागा बघितली, मोकळं मैदान आणि फलक. मग हार्डवेअरवरच्या जिन्याने आम्ही वर गेलो. आत खुर्च्या ओळीने रिकाम्या. लाखांदूरकडच्या तिघी-चौघी तेवढ्या कामाला बसल्या होत्या आणि आमच्याकडे न बघता काम करत होत्या. मॅडमचा चेहरा उतरला. कामाच्या दिवशी लोक कुठे आहेत, त्यांनी विचारलं. शेठ काहीतरी रचायला लागले, एसटीचा संप की काय. रोहिणीने त्यांना बोलू दिलं नाही. आज त्यांच्या गावी मंडई आहे, सुट्टी मी दिली आहे, एवढंच तिने सांगितलं. तिथला नियम तिने सांगितला, की मंडईची सुट्टी घेणारीने त्या दिवसाचं काम आधीच उरकून ठेवायचं. मॅडमनी एका कॉम्प्युटरवर बसून बघितलं. काम खरोखर उरकलेलं होतं. पण उठतानाही त्यांचं मन झालं नव्हतं, हे माझ्यासारख्या जागा दाखवणाऱ्याला कळतं. गिऱ्हाईक दाराची कडी हलवून बघत नाही तेव्हा समजावं, ते परत येणार नाही.

शेठ त्यांना जेवायला हॉटेलात नेणार होते. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, मॅडम, खुर्च्यांवरची माणसं बघायची असतील तर ती इथून तासाभराच्या आत आहेत. शेठनी माझ्याकडे असं बघितलं की लॉनचा मांडव आत्ताच माझ्या डोक्यावर टाकतील. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, चला.

मॅडमनी नागपूरहून आणलेल्या गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी शेठ, मागे मॅडम, रोहिणी आणि मी. वाटेत दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाचे ढीग होते. मी मंडई समजावत होतो आणि त्या ऐकत होत्या. आंधळगावात गाडी बाहेरच लावावी लागली, इतकी गर्दी. आकाशपाळणा फिरत होता, एका बाजूला दंडारीचा ढोल चालला होता. शेठ तर गाडीतून उतरल्या उतरल्या बदलले. लहानपणापासूनची सवय, जिलेबीचा कागद हातात आल्याशिवाय मंडईत पाऊल पुढे पडत नाही. दोन मुलींनी रोहिणीला लांबूनच ओळखलं आणि मग पळापळ झाली. पुण्याच्या मॅडम आल्या, ही बातमी आमच्या आधी गावात फिरली. कोणी बांगड्यांच्या दुकानात ओढायला लागलं, कोणी घरी. शेवटी शीतल नावाच्या मुलीच्या आईने मॅडमचा हात धरला तो सोडलाच नाही, आम्ही सगळे तिच्या अंगणात.

अंगणात सतरंजीवर पाहुणे बसले होते. शीतलला बघायला तुमसरचे लोक आले होते. मुलाचं तिकडे मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. शीतल साडी नेसून ट्रे घेऊन बाहेर आली आणि मॅडमना बघून दारातच थबकली. घाबरून म्हणाली, "मॅडम, मी आजचं काम कालच करून ठेवलो होतो." पाहुण्यांमधल्या बायका हसल्या. मॅडम पण हसल्या, त्या दिवशी पहिल्यांदा. त्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी बाजूला केली आणि बायकांमध्ये सतरंजीवर बसल्या.

बोलणी पुढे चालू झाली, आणि मी गार पडलो. शीतलची आई मुलाकडच्यांना ठणकावून सांगत होती की तिने नागपूरचं एक स्थळ परत पाठवलं, कारण मुलगी नोकरी सोडणार नाही, आणि तिचं ऑफिस आता सात मजली बिल्डिंगमध्ये जाणार आहे, लिफ्टची. तुमसरहून भंडाऱ्याला जाणं-येणं सोपं, म्हणून हे स्थळ त्यांना पसंत. शेजारच्या बाईने भर घातली की तिच्या पुतणीचंही तसंच ठरलं आहे. म्हणजे ठेल्यावर आम्ही नुसते रुमाल टाकत होतो. इथे लोकांनी त्या फलकावर लेकींची लग्नं धरली होती. आणि त्या इमारतीचा एक दगड अजून रचला नव्हता. मी रोहिणीकडे बघितलं. ती मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होती.

मुलाचे मामा हे पाहुण्यांतले कर्ते. पांढरं धोतर, हातात तंबाखू-सुपारीचा खर्रा, मोजकं बोलणारे. ते सरळ मॅडमकडे वळले. "बाई, एक इचारू काय? तुमीच न कंपनीवाल्या?"

मॅडम हो म्हणाल्या.

"मंग ते बिल्डिंग खरंच होऊन राहिली, का नुसता फोटूच हाय? आमी त्या भरवशावर सोयरीक करून राहिलो. होनार नसंन तं आताच सांगून टाका. उद्या पोरीले नोकरी सोड म्हनाची पाळी आमच्यावर नोको याले."

शीतल ट्रे घेऊन तशीच उभी. शेठच्या हातात जिलेबी होती, ती तोंडापर्यंत गेली नाही. मी इतकी वर्षं लोकांना जागा दाखवल्या, भिंतीला ओल असली तरी रंग चांगला आहे म्हणालो, पण त्या क्षणी मनापासून वाटत होतं की बाईंनी खोटं बोलू नये आणि नाहीही म्हणू नये.

मॅडमनी मामांकडे बघितलं, मग शीतलकडे. "ऑफिस भंडाऱ्यातच राहील," त्या म्हणाल्या. "मी सांगते आहे."

"कोन्त्या माळ्यावर?" मामांनी विचारलं. काम पक्कं करून घेणारा माणूस.

मॅडमनी रोहिणीकडे बघितलं. रोहिणी म्हणाली, दुसऱ्या. मामांनी मान हलवली, शीतलच्या हातचा ट्रे घे म्हणून मुलाला खुणावलं, आणि शीतलच्या आईने डोळे पुसत पोह्याच्या बशा फिरवायला घेतल्या. मी तर उठून अंगणाबाहेर गेलो. रडलो असं म्हणणार नाही, पण ढोलाकडे तोंड करून उभा राहिलो. मग आम्हाला जेवल्याशिवाय कोणी सोडलं नाही. मॅडमनी एसटीच्या वेळा विचारल्या, संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर मुली काय करतात ते विचारलं, आणि खाली बसायला जागा लागेल असंही म्हणाल्या. शेठनी या खेपेला हसण्यावारी नेलं नाही.

परतताना मोहाडी मागे पडली तेव्हा मॅडमचा फोन वाजला. फोन गाडीला जोडलेला होता, त्यामुळे पुण्याचे साहेब आम्हा सगळ्यांना ऐकू येत होते. ते म्हणाले, नागपूरच्या जागेचा करार तयार आहे, उद्या सही करून टाकू ना?

"नको," मॅडम म्हणाल्या. "मी भंडाऱ्याचा शब्द दिला आहे."

"कोणाला? जागेच्या मालकाला?"

"नाही. मुलाच्या मामांना."

साहेबांनी विचारलं, कोणत्या मुलाच्या. मग मॅडमनी सगळं सांगितलं, रिकाम्या खुर्च्यांपासून पोह्यांपर्यंत, काही न लपवता. उरकून ठेवलेलं कामही सांगितलं. मध्ये साहेबांनी एक-दोनदा काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण बाई थांबल्या नाहीत. शेवटी साहेबांनी एक लांब श्वास सोडला आणि विचारलं, बरं, मजले किती लागतील?

पुढच्या सीटवरून किसनशेठ वळले आणि मॅडमना दोन बोटं दाखवली. माझ्या शेजारी रोहिणीने तीन दाखवली. मॅडमनी दोन्ही हात बघितले आणि फोनवर म्हणाल्या, तीन.